दुसऱ्या मजल्यावरचा ताप

आमच्या लोहा तालुक्यातली काही पोरं बोअरच्या गाडीवर कामाला आफ्रिकेत जातात. जाताना घरची माणसं लोणचं बांधून देतात, मारुतीला नारळ फोडतात, फोन करत जा म्हणतात. तापाबद्दल कुणी बोलत नाही. मला तिथे ताप आला आणि मी मरता मरता वाचले. माझ्या वाचण्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली. ज्यांचं माणूस तिकडे आहे किंवा जाणार आहे, त्यांनी हे वाचावं. डॉक्टरकीतलं मला कळत नाही. माझं झालं तेवढं सांगते.

मी का गेले

माझा मुलगा बालाजी घाना देशात बोअर पाडणाऱ्या गाडीवर होता. पाइप उतरवताना साखळी सुटली आणि पाइप त्याच्या डाव्या मांडीवर आला. हाड मोडलं. अक्रा म्हणून तिथलं मोठं शहर आहे, तिथे ऑपरेशन करून आत सळई घातली. इतक्यात विमानात बसायचं नाही आणि त्या पायावर भार टाकायचा नाही, असं डॉक्टरने सांगितलं. मालकाने त्याला एका स्वस्त हॉटेलात ठेवलं आणि स्वतः कामाच्या जागी निघून गेला.

हॉटेलात खोली मिळते, पाणी मिळतं. पण मोडल्या पायाच्या माणसाला उठवायला, धुवायला, जेवू घालायला कोण? त्याची बायको सुनीता हिच्याकडे पासपोर्ट नव्हता. माझा होता. बालाजी पहिल्यांदा परदेशात गेला तेव्हा मला तिकडे न्यायची त्याला हौस आली होती, म्हणून त्याने काढून ठेवला होता.

सुनीताला माझं जाणं पसंत नव्हतं. "आत्याबाई, तुम्हाला तिथलं एक अक्षर कळायचं न्हाई," ती म्हणाली. "तुम्हालाच सांभाळायला एक मानूस लागंल."

"भाकरी थापायला अक्षर लागत न्हाई," मी म्हटलं.

तिचं म्हणणं खरं निघालं.

जाण्याआधी मुंबईत पिवळ्या तापाची सुई घ्यावी लागते. ती मी घेतली. बालाजीने फोनवर सांगितलं होतं की हिवतापाच्या वेगळ्या गोळ्या मिळतात, त्या डॉक्टरला विचारून चालू कर. एवढी मोठी सुई झाली, आता गोळ्या कशाला, असं मी धरलं. सुई एका तापाची आणि गोळ्या दुसऱ्या तापाच्या, हे मला कुणी समजावलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हॉटेल

तीन मजली इमारत होती. भिंतींना पिवळा रंग, खाली बार, बारमध्ये दिवसभर मोठ्या आवाजात गाणी. पहिल्या मजल्यावर माल घेऊन येणारे व्यापारी महिनोन्महिने राहत. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. मोडक्या पायाच्या माणसाला दुसरा मजला का दिला, असं मी विचारलं. बालाजी म्हणाला, "माय, मालकाला हीच खोली स्वस्त पडली." तो एकदा कुबड्यांवर, दोन माणसांच्या आधाराने वर चढला, तो मी येईपर्यंत खाली उतरलाच नव्हता.

खोलीत एक खाट, एक पंखा, एक प्लास्टिकची खुर्ची. लाइट गेली की पंखा बंद, आणि जनरेटर फक्त अंधार पडल्यावर चालायचा. खिडकीची जाळी फाटकी. खिडकीखाली मोठी उघडी नाली होती. तिचं पाणी काळं, जागचं हलत नव्हतं. मच्छरदाणी एकच होती, ती खाटेला बांधलेली. मी खाली गादी टाकून झोपायचे.

"माय, तू दानीत झोप. मला सवय झाली इथल्या डासांची," बालाजी म्हणायचा.

"पाय तुझा मोडला का माझा?" मी म्हणायचे. तिथे विषय संपायचा.

खाली काउंटरला अबेना नावाची बाई बसायची. चाळिशीतली, अंगाने भक्कम, बोलणं वरच्या पट्टीत. ती मला मामा म्हणायची. तिकडे आईला तसं म्हणतात. बालाजीला याचं फार हसू यायचं. "बघ, इथं येऊन तू कुनाचा तरी मामा झाली," म्हणायचा. अबेनाने मागच्या अंगणातल्या स्वयंपाकघरात मला एक चूल दिली. तिथे वाळवलेल्या मासळीचा वास इतका असायचा की पहिल्या दिवशी मी बाहेर जाऊन ओकले. मग सवय झाली. मी घरून येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाला घातलेलं तिखट पीठ, नेलं होतं. येसर घातलेली आमटी अबेनाने चाखली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी पुन्हा वाटी पुढे केली. मक्याचं पीठ तिथे मिळतं. त्याच्या भाकरी मी करायचे आणि जिने चढून वर न्यायचे. बालाजीच्या अंगावर थोडं मांस दिसायला लागलं. ते दिवस बरे होते.

चाचणी

एका सकाळी भाकरी थापताना थंडी वाजायला लागली. चुलीपुढे बसून थंडी. दात आवरेनात. अबेनाने माझा हात धरून पाहिला, पीठ तसंच ठेवलं आणि मला टॅक्सीत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. बालाजी वर खोलीत. त्याला फोनवर कळवलं.

बोटाला टोचून एक थेंब रक्त घेतलं आणि पट्टीवर टाकलं. पट्टीवर रेघा आल्या. नर्सने ती अबेनाला दाखवली आणि दोघी हसल्या. मला राग आला. पण तिकडे हिवताप म्हणजे घरोघरचं दुखणं, वर्षातून एकदा सगळ्यांनाच होतो, म्हणून त्या हसल्या. माझं वय झालेलं, माझं अंग या तापाला नवं, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. माझ्याही आलं नाही. डॉक्टर फोनवर बालाजीशी इंग्रजीत बोलले. बालाजीने मला सांगितलं, "माय, चार चार गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. जेवनासंगं घ्यायच्या."

मी घेतल्या. एकही चुकवली नाही.

पथ्य

आमच्याकडे ताप आला की तेल बंद, तूप बंद, दूध बंद. तेलकट पोटात गेलं की ताप अंगात मुरतो असं मानतात. तांदळाची पातळ पेज, त्यात मीठ, बस. माझ्या आईने आम्हाला असंच वाढवलं. बालाजीला गोवर झाला तेव्हा मीही तेच केलं.

बालाजीकडे खोलीत लाइटवरचा छोटा कुकर होता. खुर्चीत बसून, मोडका पाय गादीवर पसरून तो माझ्यासाठी पेज करायचा. मी त्याला करायला आले होते आणि तो मला करून राहिला होता. पेज प्यायची, गोळ्या गिळायच्या आणि पडून राहायचं.

दुसऱ्या दिवशी अबेना वर आली. तिच्या हातात झाकलेलं भांडं. शेंगदाण्याचं कालवण, वर बोटभर लाल तेल. तिने ते माझ्यापुढे ठेवलं आणि खाण्याची खूण केली. मी हाताने भांडं बाजूला सारलं.

"थोडं तरी खा ना," बालाजी म्हणाला. "तिनं मुद्दाम केलंय."

"तापात तेल? डोकं ठिकानावर हाय का तुझं?"

त्याने तिला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. ती भांडं घेऊन गेली. ती रागावली नाही, पण त्या दिवशी पुन्हा वर आली नाही.

तीन दिवसांत गोळ्या संपल्या आणि ताप उतरला. मी उठून आंघोळ केली. सुनीताला फोन करून सांगितलं, "झाले बरी. उगंच घाबरवू नको लोकांला."

रविवार

पंधरा-वीस दिवस गेले. मग अंग दुखायला लागलं. मी म्हटलं, जिने चढून थकवा आला असेल. दुसऱ्या दिवशी ताप आणि उलट्या. तो शनिवार होता, रात्र झाली होती. जवळचा दवाखाना रविवारी बंद, सोमवारी जाऊ असं ठरवलं. गोळ्या तर झाल्या होत्या, मग हा ताप दुसरा काहीतरी असेल, असंही मला वाटत होतं.

रविवारचं मला आठवत नाही. पुढचं बालाजीने नंतर सांगितलं. तेही एकदम नाही, तुकड्या-तुकड्याने.

सकाळी त्याने मला उठवलं तर मी त्याच्याकडे बघत राहिले. म्हटलं, "कोन रे तू? माझ्या खोलीत काय करून राहिला?"

"माय, मी बालाजी."

"बालाजी आफ्रिकेत हाय. तू भाईर हो आधी."

मग मी बोलायची थांबले. डोळे उघडे, पण हाक मारली तर पापणी हलत नव्हती. लघवी कपड्यातच झाली, काळी, चहाच्या चोथ्यासारखी.

रविवारी तिकडे सगळं शहर चर्चला जातं. अबेना गेली होती, फोन उचलत नव्हती. बार बंद. व्यापारी गेलेले. फाटकावर म्हातारा पहारेकरी, त्याला स्वतःला काठी लागत होती. बालाजीने खिडकीतून ओरडून त्याला टॅक्सी थांबवायला सांगितलं. टॅक्सी फाटकात आली, पण ड्रायव्हर वर यायला तयार होईना. बेशुद्ध माणूस म्हटल्यावर तो घाबरला. त्यांच्या बाजूच्या देशांमध्ये मागे एक रोग येऊन गेला, शिवलं की माणूस मरायचा. तेव्हापासून लोक हात लावायला भितात. तो खालूनच म्हणाला, आण खाली, मी नेतो.

बालाजीने मला पाठीवर घेतलं. कुबड्या खोलीत राहिल्या. एका हाताने माझे दोन्ही हात गळ्याशी धरले, दुसऱ्याने कठडा. पहिला जिना उतरला. दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर मांडीत काड्कन आवाज झाला. तो पडला नाही. खाली बसला, मला मांडीत घेतलं आणि उरलेल्या पायऱ्या बसून घसरत उतरला. पहारेकरी देवाचं नाव घेत उभा होता. शेवटी ड्रायव्हरच धावत आला आणि त्यानेच दोघांना गाडीत ओढलं. त्याला मी दोष देत नाही. भीती मोडून आला, तेवढं पुष्कळ झालं.

वॉर्ड

मी शुद्धीवर आले तेव्हा हाताला सलाइन होतं आणि कानात एकसारखा गिरणीसारखा आवाज. मोठा सरकारी दवाखाना होता. ओळीने खाटा, वर पंखे, बाहेर व्हरांड्यात नातेवाइकांच्या चटया. पाणी, साबण, चादर, सगळं घरच्यांनी आणायचं. माझं घरचं कुणी दिसत नव्हतं. अबेना होती. तिने माझं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, केस विंचरून घट्ट वेणी घातली.

"बालाजी?" मी विचारलं.

तिने दोन्ही तळवे गालाखाली धरून झोपल्याची खूण केली.

माझं रक्त फार कमी झालं होतं. दुसऱ्याचं रक्त चढवलं. ते कुणाचं हे मला आजपर्यंत माहीत नाही. पहाटे नर्सा आल्या की आधी गाणं म्हणायच्या, मग सुया द्यायच्या. सुईची भीती मला कधी नव्हती. भीती वाटली ती एका गोष्टीची. डोळा लागला की मी कुठे आहे ते डोक्यातून जायचं, आणि जागं झाल्यावर ते परत गोळा करायला वेळ लागायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, या वेळी गोळा झालं नाही तर? मग मी मनात घरचा रस्ता म्हणायचे. नांदेडहून लोहा, लोह्याहून आमचा फाटा, फाट्यावरची टपरी, मग लिंबाचं झाड. झाडापर्यंत पोचले की समजायचं, डोकं जाग्यावर आहे.

शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची बाई होती. तिलाही तोच ताप. तिला माझं बोलणं कळत नव्हतं, मला तिचं. एका दुपारी तिने फोनमधले नातवंडांचे फोटो दाखवले. एक पोरगं दात काढून हसत होतं. ते तिने दोनदा दाखवलं. दुसऱ्या सकाळी तिची खाट रिकामी होती. गादी उलटी करून टाकली होती. तिच्या मुली आल्या, बोचकं उचललं आणि गेल्या. संध्याकाळी त्या खाटेवर दुसरी बाई आली.

बालाजी आला नाही. मला संताप आला. माय मरायला टेकली तरी पोराला जिना उतरवत नाही, असं मी मराठीत मोठ्याने बोलले. अबेना मान हलवत राहिली. तिला काय कळणार!

डॉक्टरचा प्रश्न

मी उठून बसायला लागले त्या दिवशी बालाजीला चाकाच्या खुर्चीतून आणलं. पायाला वरून खालपर्यंत नवं बँडेज. तो त्याच दवाखान्यात दुसऱ्या वॉर्डात होता. पहिली सळई वाकली होती. ती काढून दुसरी घातली होती.

"काय झालं रे?"

"जिन्यात घसरलो."

मला तेव्हा आणखी काही कळलं नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, उंच, घाईत. त्यांनी बालाजीमार्फत विचारलं, आधीच्या गोळ्या नीट घेतल्या का?

"एकबी चुकवली न्हाई," मी म्हटलं.

कशासोबत घेतल्या?

"पेजंसंगं."

पेज म्हणजे काय? बालाजीने सांगितलं, भाताचं पाणी. त्यात दूध? नाही. तेल, तूप, लोणी काही? नाही. तीन दिवसांत जराही नाही?

"पथ्य व्हतं ना," मी म्हटलं. बालाजीला पथ्याला इंग्रजी शब्द सापडेना. तो बराच वेळ समजावत राहिला.

त्या ऐकत होत्या, मग खाटेच्या कडेला बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या गोळ्या स्निग्ध खाण्यासोबत घेतल्या तरच रक्तात उतरतात. नुसत्या पेजेसोबत घेतल्या तर बऱ्याचशा तशाच पोटातून निघून जातात. ताप दबतो, मरत नाही.

"मग हे आधी सांगायचं व्हतं," मी म्हटलं.

जेवणासोबत घ्या असं सांगितलं असणारच, त्या म्हणाल्या.

"पेज जेवनच असती की."

बालाजीने हे इंग्रजीत सांगितलं. त्या उठल्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. बालाजी खाली बघत होता. पेज त्याने केली होती, करायला मी लावली होती, दोघांनाही माहीत नव्हतं. तेव्हापासून आम्ही या विषयावर बोललो नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. औषध घेताना फक्त "जेवणासोबत" यावर भागवू नका. काय खाऊ, हे विचारा. घरचं पथ्य कोणतं ते डॉक्टरला सांगा, लाजू नका. मच्छरदाणी दोन घ्या. आणि तिकडून आल्यावर कधीही ताप आला तर मी कुठे जाऊन आले ते पहिल्याच वाक्यात सांगा.

घरी

हैदराबादच्या विमानतळावर आम्ही दोन चाकाच्या खुर्च्यांवर बाहेर आलो. सुनीता भाड्याची गाडी घेऊन आली होती. ती आधी बालाजीकडे गेली. त्याच्या पायावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चला." 

माझ्या अंगात ताकद यायला पुढचे कितीतरी महिने गेले. केस मुठी-मुठीने गळाले. एका कानाने अजून कमी ऐकू येतं. बालाजीला लातूरच्या हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. पाय दोन बोटं आखूड जुळला, असं त्यांनी सांगितलं. आता बोअरच्या गाडीवर चढणं नाही. दुसऱ्या ऑपरेशनचं कारण डॉक्टरने विचारलं. बालाजी म्हणाला, "जिन्यात घसरलो." सुनीता बाजूलाच उभी होती.

तोपर्यंत त्याने मला खरं सांगितलं होतं. ते तुकडे मी जुळवले होते. सुनीताला खोट्यावर ठेवणं मला पटेना. दुसऱ्या दिवशी ती भाकरी करत होती, तिची मुलं शाळेत गेली होती, बालाजी ओट्यावर होता. मी चुलीजवळ जाऊन बसले.

"सुनीता, त्याचा पाय घसरला न्हाई. मला पाठीवर घेऊन उतरताना मोडला."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मला ठावं हाय."

"त्यानं सांगितलं?"

"त्याच टायमाला. तुमच्याजवळ बसून मला फोन लावलाता. रडून राहिलते. म्हनले, वर यायला कुनी तयार न्हाई, पायावर भार टाकला तर पाय जाईल म्हनतेत डॉक्टर, काय करू सांग." तिने विस्तव पुढे ओढला. "मीच म्हनले, उचला."

 माझ्या डोळ्यात पाणी आलं, ते तिने पाहिलं.

"रडू नका. रडायसाठी न्हाई सांगितलं मी. आता ते न्हानीकडं लंगडत जातेत ना, तवा मला तुमचा लई राग येतो. हातातलं काम टाकून द्यावं वाटतं, इतका येतो. खोटं कशाला बोलू?"

"येऊ दे," मी म्हटलं.

"येतोच," ती म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.